पाचशे वॉटचं स्टिकर

यंदाच्या मे महिन्यातली गोष्ट. शनिवारी सकाळी साडेसातला मावसभावाचा फोन आला. शनिवारी साडेसातला हा प्राणी कधी उठलेला नसतो, त्यामुळे फोन घेतानाच जरा धस्स झालं.

"दादा, पीसी गेला."

"गेला म्हणजे?"

"फट्ट झालं. आता वास यायलाय. चालू करू का परत?"

"हात लावू नकोस. वायर काढ, मी येतोय."

हा भाऊ कोल्हापुरात लग्नांचे व्हिडिओ करतो. शूटिंगला दोन पोरं आहेत, एडिटिंग तो स्वतः घरीच करतो. मे महिना, सगळे मुहूर्त एकावर एक. त्या पीसीतल्या एका हार्ड डिस्कवर तीन लग्नांचं फुटेज होतं आणि कॅमेऱ्यांची कार्डं फॉर्मॅट होऊन चौथ्या लग्नाला गेली होती. म्हणजे तीन जोडप्यांच्या अक्षता, तीन पाठवण्या आणि तीन आज्ज्या (त्यातली एक ब्याण्णव वर्षांची, खास तिच्यासाठी वेगळा कॅमेरा लावला होता) एवढं सगळं त्या एका डबड्यात, आणि त्या डबड्यातून जळका वास. बॅकअप या विषयावर मी इथे काही बोलणार नाही. जे बोलायचं ते त्याला त्याच दिवशी बोलून झालंय.

गेल्या गेल्या पहिला प्रश्न विचारला, "नवीन काय घातलंस यात?" कारण चार वर्षं सुरळीत चाललेलं यंत्र आपण होऊन सहसा मरत नाही. तर साहेबांनी आठवड्यापूर्वी ग्राफिक्स कार्ड बदललं होतं. आरटीएक्स ३०६०, सेकंडहँड, भाव चांगला मिळाला म्हणून. त्यासाठी पंधरा दिवस यूट्यूब पाहिलं होतं. कुठल्या कंपनीचं कूलर गार राहतं, कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये एक्सपोर्ट किती मिनिटांनी कमी होतो, सगळं पाठ.

"आणि एसएमपीएस?"

"तो आहे की, कॅबिनेटसोबत आलेला. पाचशेचा आहे. बास होतंय की."

इथेच माझी सटकली. त्याच्यावर कमी, त्या "पाचशे"वर जास्त.

मंडळी, तुमच्याही टेबलाखाली डेस्कटॉप असेल तर कधीतरी बाजूचं पत्र्याचं झाकण काढून एसएमपीएसवरचं स्टिकर वाचा. मोठ्या अक्षरात छापलेलं सोडा, खाली मुंगीच्या अक्षरात जो तक्ता असतो तो वाचा. भावाच्या एसएमपीएसवर ठळक ५०० लिहिलं होतं. खाली तक्त्यात ३.३ व्होल्टला २८ अँपिअर, ५ व्होल्टला ३० अँपिअर आणि १२ व्होल्टला १६ अँपिअर. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट, हे आपण सगळे नववी-दहावीत शिकलोय. १२ गुणिले १६, १९२ वॉट. बस्स. तुमच्या आजच्या पीसीला जे लागतं त्याच्यासाठी हा एसएमपीएस १९२ वॉटचा आहे. बाकी सगळे आकडे मिळवले तरी बेरीज कशीबशी साडेचारशेवर जाते, पाचशे कुठून आले ते छापणाऱ्यालाच ठाऊक.

१२ व्होल्टचंच एवढं कौतुक का, तर त्याला एक छोटा इतिहास आहे. पूर्वी प्रोसेसरची वीज ५ व्होल्टच्या तारेवरून यायची. २००० साली पेंटियम ४ आला, त्याची भूक एवढी की ५ व्होल्टवरून तेवढा करंट ओढायचा तर तारा आणि पिना तापायला लागल्या असत्या. म्हणून मदरबोर्डावर प्रोसेसरच्या शेजारी १२ व्होल्टचं वेगळं चार पिनांचं कनेक्टर आलं. तेव्हापासून सगळा कारभार हळूहळू १२ व्होल्टवर सरकला. आज प्रोसेसर १२ वर, ग्राफिक्स कार्ड जवळपास पूर्ण १२ वर, हार्ड डिस्कची मोटर १२ वर, पंखे १२ वर. ५ आणि ३.३ ला किरकोळ कामं उरलीत. त्यामुळे चांगल्या साडेपाचशे वॉटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टला ४५ अँपिअरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ सगळेच वॉट, लिहिलेले असतात. आणि आपल्याकडे कॅबिनेटमधून जे "फुकट" येतं ते अजून पेंटियम ३ च्या जमान्यातलं वाटप घेऊन येतं, स्टिकर तेवढं नवीन.

आता भावाच्या पीसीचा हिशोब. प्रोसेसर कोअर आय-५ १२४००एफ. खोक्यावर ६५ वॉट. पण हा मूळ वेगाचा आकडा, जोर लावल्यावर तो ११७ वॉटपर्यंत जाऊ शकतो हे इंटेलच सांगतं. जुनं ग्राफिक्स कार्ड जीटी १०३०, खाऊन खाऊन खाणार ३० वॉट. दोन हार्ड डिस्क, पंखे, बाकी चिल्लर मिळून तीसेक वॉट. बेरीज केली तर १७७. हद्द १९२. म्हणजे चार वर्षं तो पंधरा वॉटांच्या फटीतून गाडी काढत होता आणि "काही प्रॉब्लेम नाही, मस्त चालतंय" असं म्हणत होता. मग ३० वॉटचं कार्ड काढून १७० वॉटचं घातलं. ३१७ वॉट. सहा दिवस चाललं हेच नवल. सहाव्या रात्री एक्सपोर्ट लावून झोपला, पहाटे फट्ट.

खरं तर त्याला त्याच दिवशी कळायला हवं होतं. कार्डाला आठ पिनांची वेगळी वायर लागते. या एसएमपीएसला ती वायरच नव्हती! मग दुकानातून दोन मोलेक्सवरून आठ पिनांचं करणारं कन्व्हर्टर आणलं, आणि काम झालं. आठ पिनांच्या त्या कनेक्टरवर १५० वॉट जाऊ शकतात असं ते प्रमाण सांगतं. ज्या एसएमपीएसच्या कारखान्यालाच आपल्या मालावर ती वायर लावायची हिंमत झाली नाही, त्याच्याकडून आपण चार इंची जुगाड लावून ते १५० वॉट मागतोय. मी तर म्हणतो, अपग्रेड करताना कन्व्हर्टर विकत घ्यायची वेळ आली की तिथेच थांबायचं. पिना जुळवून देता येतात, वॉट नाही.

दुकानदाराला शिव्या देणं सोपं आहे, मीही मनातल्या मनात दिल्या. पण दुकानात जाऊन आपण काय विचारतो? प्रोसेसर कुठला, रॅम किती, एसएसडी किती जीबी, आणि "कॅबिनेट जरा दिसायला भारी पाहिजे". एसएमपीएस या शब्दाचा उच्चार होत नाही. कोटेशनमध्ये "कॅबिनेट विथ एसएमपीएस" अशी एकच ओळ असते, पुढे एकच किंमत. शेजारच्या दुकानापेक्षा पाचशे रुपये कमी दाखवायचे तर तो कुठून काढणार? प्रोसेसरमधून काढता येत नाहीत, त्याची किंमत गिऱ्हाईकाला फोनवर दिसते. तो कापतो ते आपण बघत नाही तिथून. हिशोब वाईटच आहे, पण तो आपण लावून दिलेला आहे.

आणखी एक गोष्ट म्हणजे आपण जे वाचतो-बघतो ते बहुतेक सगळं अमेरिकेतल्या लोकांनी लिहिलेलं. त्यांच्याकडे भिंतीतून येणारी वीज हा विषयच नसतो. आपल्याकडे तो अर्धा विषय आहे. २००५ नंतरची ती भारनियमनाची वर्षं आठवतात का? मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो. २००६ साली तिथे "पुणे मॉडेल" आलं, कंपन्यांनी आपापले जनरेटर चालवून शहराचं भारनियमन टाळायचं, आणि आम्ही आयटीवाले वीज जाते हे विसरूनही गेलो. इकडे कोल्हापुरात मात्र घरोघरी इन्व्हर्टर बसले. भारनियमन गेलं, इन्व्हर्टर राहिले. भावाचा पीसीही त्याच जुन्या इन्व्हर्टरवर होता, "यूपीएस कशाला, इन्व्हर्टर आहे की" म्हणून.

तर एसएमपीएसच्या पोटात एक मोठा कपॅसिटर असतो. वीज गेली की तो साधारण सोळा मिलिसेकंद दम धरतो, एटीएक्सच्या मार्गदर्शिकेत तशी अपेक्षाच लिहिलेली आहे. घरगुती इन्व्हर्टरच्या मागे बहुधा एक बटण असतं, एकीकडे नॉर्मल आणि दुसरीकडे यूपीएस. यूपीएसवर असेल तर तो या वेळात बॅटरीवर उडी मारायचा प्रयत्न करतो, नॉर्मलवर असेल तर निवांत येतो, पंखा-ट्यूबला काय फरक पडतो! आणि स्वस्त एसएमपीएसमध्ये पैसे वाचवायची पहिली जागा म्हणजे हाच मोठा कपॅसिटर. तो लहान घातला की दम कमी. मग वीज गेल्यावर पंखा फिरत राहतो आणि पीसी मात्र रिस्टार्ट होतो, आणि आपण विंडोजला नावं ठेवतो.

भावाच्या घरी गेल्यावर आणखी एक शोध लागला. पीसी त्याने परत लावू नये म्हणून वायर भिंतीतून काढली होती, पण मावशी सहज बोलून गेली, "त्या डब्याला हात लावला की मुंग्या येतात बाई. मी पुसायचं सोडलंय." भाऊ म्हणाला, "चप्पल घातली की नाही येत." घ्या! कोल्हापुरी चप्पल हा अर्थिंगला पर्याय नाही हो. प्रत्येक एसएमपीएसच्या तोंडाशी विजेचा गोंगाट गाळायला छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नीट असेल तर तो चिमूटभर करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्रा तरंगत राहतो, जवळपास अर्ध्या व्होल्टेजवर, आणि हात लावणाऱ्याला झिणझिण्या येतात. पेठेतलं जुनं घर, वायरिंग आजोबांच्या वेळचं, तीन पिनांचा सॉकेट नंतर बसवलेला. स्क्रू काढून बघितला तर तिसऱ्या भोकामागे वायरच नाही. नुसतं शोभेचं भोक.

यात वळीव धरा. एप्रिल-मेमधल्या त्या तासाभराच्या थैमानात झाडाची फांदी तारेवर पडते आणि कधी कधी खांबावरचा न्यूट्रल तुटतो. न्यूट्रल गेला की २३० च्या जागी कुठल्या घरात किती व्होल्ट येतील ते शेजाऱ्यांनी काय काय चालू ठेवलंय त्यावर ठरतं. तीनशेच्या वरही जाऊ शकतात. चांगल्या एसएमपीएसच्या तोंडाशी व्हॅरिस्टर नावाची चकती असते, ती अशा वेळी स्वतः जळते, फ्यूज उडवते आणि पुढचं वाचवते. स्वस्तातल्या एसएमपीएसमध्ये बोर्डावर तिची जागा छापलेली असते, दोन भोकंही असतात. चकती नसते. (हे बघायला कृपया एसएमपीएस उघडू नका. आतल्या कपॅसिटरवर वायर काढल्यानंतरही तीनशेच्या वर व्होल्ट काही वेळ बसून असतात.)

मग घ्यायचा कुठला आणि किती वॉटचा? इथे दुसरं टोक चालू होतं. एकदा हात पोळला की लोक थेट साडेआठशे-हजारचा घेतात. भावाने तर फोनवर एक हजाराचा बघूनही ठेवला होता, "आता विषयच नको" म्हणून. मी नको म्हटलं. ३१७ वॉटच्या यंत्राला एनव्हिडिया स्वतः ३०६० साठी ५५० चा सांगते, आणि त्यात मोकळी जागा धरलेली आहे. ती लागतेही, कारण आजची कार्डं काही मिलिसेकंदांपुरती सरासरीच्या बरीच वर उसळी घेतात. साडेपाचशेचा चांगला घ्या, पुढेमागे मोठं कार्ड घालायचं पक्कं असेल तर साडेसहाशेचा. हजाराचा घेऊन उरलेले सातशे वॉट काही लोणच्यासारखे मुरत नाहीत. तेच पैसे अर्थिंगला आणि यूपीएसला घाला.

८० प्लसचं ब्राँझ, गोल्ड वगैरे जे बिल्ले असतात ते विजेच्या बचतीचे, मजबुतीचे नव्हेत. निम्म्या भाराला ब्राँझ साधारण ८५ टक्के कार्यक्षम, गोल्ड ९०. ३०० वॉटच्या कामाला भिंतीतून ३५३ ऐवजी ३३३ वॉट. रोज सहा तास, वर्षाचे तीनशे दिवस काम केलं तर वर्षाला ३६ युनिट वाचली. दहा रुपयांनी धरलं तर ३६० रुपये. दोघांच्या किमतीतला फरक दोन हजार असेल तर करा हिशोब. तरी बिल्ला असलेलाच घ्या म्हणतो मी, कारण तो मिळवण्यासाठी लेबलवरचे वॉट प्रयोगशाळेत प्रत्यक्ष देऊन दाखवावे लागतात. किमान "पाचशे" म्हणजे पाचशे एवढं तरी कळतं.

ब्रँडवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. २०२१ साली गिगाबाइटच्या ७५० आणि ८५० वॉटच्या दोन मॉडेलांबद्दल अमेरिकेत बोंब झाली, गेमर्स नेक्सस या चॅनेलवाल्यांच्या चाचणीत ते अक्षरशः फुटले. कंपनीने मग जादा भाराचं संरक्षण खालच्या वॉटला लागेल असं बदललं आणि ठरावीक सीरियल नंबरचे बदलून द्यायची तयारी दाखवली. त्याच कंपनीचे मदरबोर्ड मी आनंदाने वापरतो. एसएमपीएसचं मॉडेल बघायचं, त्याची कुणीतरी उघडून केलेली चाचणी वाचायची, आणि वॉरंटी किती वर्षं ते बघायचं. पाच वर्षांची वॉरंटी देणारा एक वर्षाच्या कपॅसिटरवर जुगार खेळत नाही. ग्राफिक्स कार्ड सेकंडहँड घ्या, मॉनिटर घ्या, एसएमपीएस नको. कपॅसिटर आतून म्हातारे होतात आणि बाहेरून कळत नाही.

आणि मॉड्युलर घेतला, म्हणजे वायरी सुट्या होणारा, तर त्याच्याच वायरी वापरायच्या. एसएमपीएसकडच्या टोकाला कुठल्या पिनेवर काय याला कसलंही सर्वमान्य प्रमाण नाही. जुन्या एसएमपीएसची वायर नवीनला बरोब्बर बसते आणि हार्ड डिस्कला ५ च्या जागी १२ व्होल्ट पाजते. माझ्या ऑफिसातल्या एका हुशार माणसाने अशा तीन एसएसडी एका मिनिटात मारल्या आहेत.

यूपीएसचं थोडक्यात. बाजारातला नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ३६० वॉट. भावाचं यंत्र ३१७ खातं, एसएमपीएसमधली गळती धरून भिंतीतून पावणेचारशेच्या आसपास, वर मॉनिटर. एक्सपोर्टच्या मध्ये वीज गेली की तो यूपीएस कण्हून बंद पडणार. हजार व्हीएचा, ६०० वॉटचा हवा. चांगल्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी असतं आणि त्यातल्या काहींना यूपीएसची चौकोनी लाट मानवत नाही, तेव्हा घेतल्यावर पहिल्या दिवशीच प्लग काढून बघायचं. बिघडलं तर बदलून तरी मिळतो.

हे सगळं त्याला खाटेवर बसवून ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "दादा, चांगला चार-साडेचार हजारांचा. ह्यात एक्सपोर्ट किती फास्ट होतो?"

"शून्य."

"मग कसं पटायचं गिऱ्हाईकाला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

राहिली ती हार्ड डिस्क. मदरबोर्ड वाचला होता, एसएसडी वाचली होती, कार्डही वाचलं. तीन लग्नांची डिस्क मात्र दुसऱ्या पीसीला लावली तर तो पीसीच चालू होईना. वायर काढली की चालू, लावली की बंद. मला आशा वाटली ती यावरूनच. गल्लीतल्या एका टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांकडे घेऊन गेलो. बऱ्याच हार्ड डिस्कच्या बोर्डावर, वीज येते तिथेच, दोन टीव्हीएस डायोड असतात, एक ५ व्होल्टचा, एक १२ चा. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की तो डायोड स्वतःला शॉर्ट करून मरतो आणि मागचा बोर्ड वाचवतो. जे संरक्षण एसएमपीएसने द्यायचं ते डिस्कच्या त्या काही रुपयांच्या दाण्याने दिलं होतं. काकांनी मीटर लावला, १२ चा डायोड शॉर्ट. सोल्डरिंगने उचलून काढला, दुसरा बसवला नाही. "आता हिला राखण नाही, लगेच उतरवून घ्या," म्हणाले. पैसे विचारले तर, "एवढ्याचं काय घ्यायचं?"

डिस्क फिरायला लागल्याचा आवाज आला तेव्हा भाऊ रडायचाच बाकी होता. रात्री अडीचपर्यंत आम्ही दोघं कॉपीची हिरवी पट्टी बघत बसलो. ब्याण्णव वर्षांची आज्जी सगळ्यात शेवटी आली.

पुढच्या आठवड्यात साडेपाचशेचा एसएमपीएस आला, यूपीएस आला. अर्थिंगसाठी वायरमनने परड्यात मावशीच्या कढीपत्त्याशेजारीच खड्डा मारला, त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता. उन्हाळ्यात तो खड्डा ओला ठेवावा लागतो असं त्याने सांगितलंय. मावशी रोज सकाळी कढीपत्त्याला पाणी घालताना त्यातलंच तांब्याभर तिकडेही ओतते, आणि डबा पुन्हा पुसायला लागलीय.